डोकं टेकायची जागा

१

आमच्या मागच्या खोलीतल्या डागाची गोष्ट भांडणापासून सुरू होते. भांडण रंगाच्या डब्याशी. डब्यावर ठसठशीत अक्षरांत छापलं होतं, ‘धुता येणारी भिंत. हट्टी डाग एका पुसण्यात गायब.’ ठसठशीत अक्षरांवर माझं पोट उभी हयात चाललं. मी वर्तमानपत्रात बातमीदार होतो, तेव्हा ती अक्षरं कितपत खरी असतात हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरी डबा घेतला. बायको हॉस्पिटलातून घरी यायची होती आणि तिची खोली स्वच्छ हवी होती.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “पुढचे काही आठवडे जपा. धूळ नको, दगदग नको, कसला संसर्ग नको. एवढे आठवडे निघाले की त्या यातून निघाल्या.”

नाही निघाले तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. जन्मभर लोकांना नको ते प्रश्न विचारत आलो, तो एक तेवढा गिळला.

खोली लहान. खिडकी, खिडकीखाली पलंग, पलंगाशेजारी भेटायला येणाऱ्यांसाठी एक लाकडी खुर्ची, पाठ भिंतीला लावलेली. भिंतींना सायीचा रंग. सकाळी बायकोला औषध द्यायचं, चादर बदलायची, मग ओलं फडकं घेऊन खिडकीची कड, टेबल, दाराची मूठ पुसून काढायची, असा माझा क्रम बसला होता. हिला माझी थट्टा करायची संधी रोजची.

“मंत्र्यांना घाम फोडणारा माणूस फडकं कसं छान पिळतो,” ती पलंगावरून म्हणायची.

“तू आधी ती लापशी संपव.”

अशाच एका सकाळी खुर्चीमागच्या भिंतीवर मला तो दिसला. तळहाताएवढा, पिवळसर, गोल, वरच्या बाजूला जरा विरलेला. हा डाग ओळखायला कोणाला वेळ लागत नाही. माणूस रोज एका जागी पाठ लावून बसतो, मागे डोकं टेकतो, आणि केसांच्या तेलाचा गोल भिंतीवर उठतो. आमच्या कचेरीत बाकामागे असे गोल ओळीने होते आणि कुठला कोणाचा ते आम्हाला पाठ होतं.

कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घातला, मऊ स्पंज घेतला. भिंत खालून वर पुसायची, नाहीतर ओघळांच्या रेघा राहतात. डाग गेला. डब्याला मी मनातल्या मनात शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी डाग जागेवर.

मग खाण्याचा सोडा झाला, व्हिनेगर झालं. घासून घासून तेवढ्या भागातला रंग चकाकायला लागला, आणि त्या चकाकीच्या मधोमध दुपारपर्यंत पुन्हा तो पिवळा गोल.

“बेट दिसतंय,” बायको म्हणाली. ती भूगोल शिकवायची. “आजूबाजूला समुद्र आणि मधे एकच बेट. तुमचंच डोकं टेकत असेल हो, बसता ना तिथे.”

“माझं?”

मी टकलावरून हात फिरवला. तिने डोक्याचा रुमाल जरा मागे सारला आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. औषधांनी तिचे केस पार गेले होते. आम्ही एकमेकांकडे बघून खूप हसलो. आम्हा नवराबायकोत मिळून त्या वेळी एक केस नव्हता. तेलाची बाटली तर तिने केव्हाच धाकट्या बहिणीला देऊन टाकली होती.

हसू ओसरलं तेव्हा दोघांचीही नजर भिंतीवर होती.

२

रंग देऊन गेलेल्या पेंटरला मी बोलावून घेतलं आणि फैलावर घेतलं. तो काही फैलावर येणाऱ्यातला नव्हता.

“ओल आहे, काका.”

“ओल? मागे पाइप नाही, मोरी नाही. वर कोणी राहत नाही. ठणठणीत कोरडी भिंत आहे.”

“मग जुना डाग वर येतोय. तेलकट डागावर पाण्याचा रंग मारला की तो खालून झिरपत वर येतो. आधी ऑइल प्रायमरचा हात द्यायला पाहिजे होता.”

“पाहिजे होता म्हणजे? रंग तुम्ही दिलात की मी?”

“तुम्ही म्हणालात, उगाच वाढवू नका.”

“मी असं म्हणालो?”

“तोंडाने नाही म्हणालात. चेहऱ्याने म्हणालात.”

पलंगावरून बायको खुदकन हसली. पेंटरला चेव आला. स्वयंपाकघरातला पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद मागून त्याने चौकोन कापला, डागाची जागा पुसली, त्यावर तो कागद ठेवला आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या.

“आता बघा. कागदाच्या आतून काही आलं तर दोष भिंतीचा. आतून कोरडा राहिला तर मी तुमचा गुन्हेगार.”

ही पद्धत मला पटली. पुरावा असा हवा. एक दिवस मध्ये जाऊ दिला आणि पेंटर आल्यावरच कागद काढला, म्हणजे नंतर शब्द फिरवायला जागा नको.

आतली बाजू लख्ख. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. कागदाखालची भिंतही स्वच्छ, सायीच्या रंगाची.

डाग कागदाच्या बाहेरच्या अंगाला होता. खोलीच्या बाजूला.

पेंटरने कागद उजेडाकडे तिरका धरला. चांदीच्या चकाकीवर तेलकट गोल स्पष्ट उठला होता आणि त्याच्या आत बारीक, समांतर रेघा होत्या. केस ओले करून फणीने मागे चापून बसवले की दिसतात तशा. वास आला मंद, गोडसर, बंद कपाटात राहिलेल्या तेलासारखा.

“कोणीतरी टेकलं असणार,” तो म्हणाला.

“कोण?”

“ते मी कसं सांगू? घर तुमचं.”

एरवी जाताना तो दारात उभा राहून चहाची वाट बघायचा. त्या दिवशी कागद माझ्या हातात देऊन निघून गेला. पायऱ्या भराभर उतरल्याचं ऐकू आलं.

३

माझी शंका सरळ होती. मेहुणी. घरात येणारी तिसरी व्यक्ती तीच, दुपारी बहिणीजवळ तीच बसायची, आणि तिची वेणी दोरखंडासारखी, तेलाने निथळणारी. बाटलीसुद्धा आमच्याच घरची. माणूस अंधारात चाचपडत असतो तेव्हा उत्तर खुर्चीत बसून लसूण सोलत असतं, असे अनुभव मला होते.

ती आली तेव्हा मी कागद तिच्यापुढे धरला.

“हे तुझं काम.”

“भाऊजी, पोलीस ठाण्यांत फिरून फिरून तुम्ही पोलीसच झालात. डोकं टेकलं तर फाशी देता का?”

“कबूल कर, सोडून देतो.”

“ताई, तुझा नवरा बघ. घरी बसल्यापासून भिंतींच्या मुलाखती घेतोय.”

“बस त्या खुर्चीत,” मी म्हणालो. “मागे टेक.”

ती बसली, दोन्ही हात शरणागतासारखे वर करून. मागे टेकली. तिचं डोकं डागाच्या कितीतरी खाली राहिलं. मी म्हटलं, ताठ बस. ती ताठ बसली. तरी खालीच.

“उठ,” मी म्हणालो आणि स्वतः बसलो. मी उंच माणूस आहे, जुन्या इमारतींच्या दारांतून वाकून जायची मला सवय. पाठ भिंतीला घट्ट लावली, मान ताणली.

“कुठे आलं?”

मेहुणीने नुसतं वर बोट केलं. मी वळून पाहिलं. डाग माझ्या डोक्याच्याही वीतभर वर होता.

बसलेल्या माणसाचा डाग. आणि बसल्यावर माझ्यापेक्षा वीतभर उंच. खुर्चीवर उभं राहून कोणी मुद्दाम केला म्हणावं, तर कोणी? कशाला? डोक्यात एकेक शक्यता मांडत होतो आणि एकेक खोडत होतो. मेहुणी त्यानंतर त्या खुर्चीत बसली नाही. पलंगाच्या पायथ्याशी बसली, ताईचे पाय मांडीवर घेऊन.

“बसू द्या हो,” बायको एकदम म्हणाली. “माझी काही हरकत नाही.”

“कोणाला बसू द्या?”

“जे कोणी आहे त्याला. दुपारी डोळा लागतो ना, तेव्हा शेजारी कोणीतरी बसलंय असं वाटतं. एकटं वाटत नाही.”

“मी असतो की घरात.”

“तुम्ही असता. पण तुम्ही येरझाऱ्या घालता. ते नुसतं बसलेलं असतं.”

“ताई, काहीतरीच काय बोलतेस,” मेहुणी म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता.

“आणि करतं काय?” मी विचारलं.

“काही नाही. भेटायला आलेलं माणूस काय करतं? वाट बघतं.”

“कशाची?”

तिने रुमालाची गाठ नीट केली. “ते मी नाही विचारलं. तुम्ही सगळ्यांना विचारता, तुम्हीच विचारा.”

४

औषधांनी भास होतात. हे मला डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, आणि मी ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. चांदीच्या कागदाला औषध कोणी दिलं होतं, हा प्रश्न मात्र त्या उत्तरात बसत नव्हता.

मी खुर्ची उचलली आणि पुढच्या खोलीत नेऊन ठेवली. बसायलाच काही नाही तर बसेल कशावर?

डाग त्याच जागी येत राहिला. त्याच उंचीला. खाली मोकळी फरशी, वर तो गोल. आणि दुपारच्या शांततेत, मी स्वयंपाकघरात लापशी ढवळत असताना, मागच्या खोलीतून लाकडाचा आवाज यायचा. बसल्या बसल्या कोणी अंग हलवलं की खुर्ची कुरकुरते तसा. मी दारात जाऊन उभा राहायचो. पलंगावर बायको झोपलेली, तोंड भिंतीकडे. खोलीत खुर्ची नाही.

एवढं सगळं होत असताना तिची तब्येत सुधारत होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यातून मला जे कळायला हवं होतं ते कळलं नाही. भूक परतली होती. रक्ताचे आकडे चढले होते. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, “असंच चालू राहू द्या.”

पण मी ऐकणाऱ्यातला नाही. माझ्या बायकोच्या उशाशी कोणीतरी परका, न बोलावता, न सांगता येऊन ठाण मांडून बसतो, तिचा श्वास मोजत वाट बघतो, आणि मी त्याच्यासाठी रोज भिंत पुसून ठेवतो! माझा संताप संताप झाला. मी उभ्या आयुष्यात खुर्चीला चिकटलेल्या माणसांना उठवायचं काम केलं. दारं ठोठावली, फायली उघडायला लावल्या, राजीनामे लिहायला लावले. हा कोण लागून गेला?

मी पेंटरला फोन लावला.

“काका, दुसरा कोणी बघा ना.”

“तुम्हीच या. एक भिंत. ऑइल प्रायमर, वर ऑइल पेंट. काचेसारखी झाली पाहिजे.”

“घरात पेशंट आहे. वास येईल.”

“तिला मी पुढच्या खोलीत हलवतो. भिंत अशी करा की तिथे कोणाला डोकं टेकताच येऊ नये.”

हे वाक्य मी बोललो. बोलताना मला ते फार नेमकं वाटलं होतं.

५

बायकोला पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर निजवलं. मधलं दार लावून घेतलं, फटीला ओलं फडकं लावलं.

“उगाच करताय,” ती म्हणाली.

“डाग काढतोय. त्यात उगाच काय?”

“डाग होता तिथे होता. कोणाच्या अंगावर येत नव्हता.”

पेंटरने जागा पॉलिश पेपरने घासली, तळापर्यंत खरवडली, प्रायमरचा हात दिला. प्रायमर वाळला. मग त्याने रुंद ब्रशने पांढरा ऑइल पेंट लावला, वरपासून खालपर्यंत, एकही खूण न ठेवता. काम करताना तो गाणं गुणगुणत नव्हता, थट्टा करत नव्हता. भिंतीकडे पाठ होणार नाही अशा बेताने शिडीवरून उतरला.

“संध्याकाळपर्यंत ओलं राहील. हात लावू नका. मी जेवून येतो.”

“मी इथेच आहे.”

तो गेला. मी दारात उभा राहिलो. खिडकी सताड उघडी होती, पलंग मधोमध ओढलेला, त्यावर जुनी चादर. भर दुपारचा उजेड. ओली भिंत लखलखत होती, तिच्यात खिडकीचा चौकोन पुसट उमटला होता. मी खरोखर खूश होतो.

आधी वास आला. रंगाच्या उग्र वासातून तो गोडसर वास, वेगळा ओळखू येणारा.

मग लाकूड कुरकुरलं.

मग भिंतीवर, नेहमीच्या जागी, चकाकी मावळली. दाबली गेली, असं म्हणायला हवं. ओला रंग मधून पातळ होत बाजूला सरकला, गोलाची कड जराशी फुगली, आणि कडेला बारीक रेघा उमटत गेल्या, एकीशेजारी एक, मागे चापून बसवलेल्या केसांच्या. मी पापणी हलवली नाही. हे रंग वाळताना होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. हवा, उष्णता, प्रायमर कच्चा राहिला असेल.

मग तो गोल थांबला. ओल्या रंगाला डोकं लागल्यावर माणूस जसा क्षणभर थांबतो, तसा.

आणि चर्र असा चिकट आवाज करत ते जे काही होतं ते भिंतीपासून सुटलं. रंगाचे बारीक धागे हवेत ताणले गेले आणि तुटले. ते कशाला चिकटलेले होते ते मला दिसलं नाही. धाग्यांची दुसरी टोकं वर गेली. बसलेल्याच्या उंचीवरून वर, माझ्या डोक्याच्या वर, छताच्या बरीच जवळ. तिथे काही क्षण ते पांढरे तंतू लोंबकळत हलत होते.

लाकूड आता कुरकुरत नव्हतं. ते उठलं होतं.

ओल्या रंगाला टेकून कोण बसेल? हे मला तेव्हा कळलं. मी डाग काढला नव्हता. मी त्याला उठवलं होतं.

माझ्या बाजूने गार हवा गेली. मागे वळलो तेव्हा दाराच्या चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला पांढरा ओला फराटा होता. तिथून मी वाकून जातो. हे त्याहून खूप वाकलं असणार. पुढे बोळाच्या भिंतीवर, उंच, आणखी एक फराटा. मधलं दार उघडं होतं. फटीचं फडकं बाजूला पडलं होतं.

६

बायको जागी होती. सोफ्यावर उशीला टेकून बसली होती आणि सोफ्याच्या टोकाशी, वर, छताच्या दिशेला बघत होती. घरी पाहुणा आला आणि बसायला जागा नसली की आपण जसे पाय आवरून घेतो, तसे तिने पाय पोटाशी घेतले होते.

तिचे ओठ पांढरे पडले होते. कपाळ घामाने डबडबलं होतं. मी हात धरला, तर बोटं बर्फासारखी. श्वास वर वर चालू होता.

“अहो,” ती म्हणाली, “ते उभे आहेत.”

“कोणी नाही. माझ्याकडे बघ.”

“निघायचं म्हणतात.” तिने पांघरूण बाजूला केलं. सवयीने, कुठे बाहेर जायचं असलं की करते तसा, ती हाताने डोक्याचा रुमाल नीट करायला लागली. “चप्पल कुठेय माझी?”

मला फोन करायला हवा होता. डॉक्टर, गाडी, मेहुणी. हात फोनकडे गेला होता. पण तिने एक पाय खाली सोडला आणि तळवा फरशीला लागायच्या आत मी खुर्ची ओढली. तीच, मागच्या खोलीतून आणलेली. ती खोलीच्या पार दुसऱ्या टोकाच्या भिंतीला, सोफ्यापासून जितकी लांब ठेवता येईल तितकी लांब ठेवली. सदऱ्याच्या बाहीने तिची बैठक पुसली.

“बसा,” मी म्हणालो. पुन्हा म्हणालो, “बसा ना. अशी काय घाई आहे?”

काही नाही. सोफ्याच्या टोकाशी तो वास.

“इथे भिंत कोरडी आहे,” मी म्हणालो. “स्वच्छ आहे. खुशाल टेका. कोणी पुसणार नाही. रंग देणार नाही. मी शब्द देतो.”

मी हात जोडलेले होते. कोणापुढे जोडले होते ते मला माहीत नाही. बायको एक पाय खाली सोडून बसली होती, चप्पल शोधणाऱ्या बोटांनी फरशी चाचपत.

“आत्ताच तर आलात. बसा हो.”

मग खुर्ची कुरकुरली. आधी थोडी, मग पूर्ण वजनाने. मागच्या भिंतीवर, उंच, हळूहळू एक गोल उमटला. पहिल्यांदा पांढरा, रंगाचा. मग त्याच्या कडेने पिवळा.

बायकोने पाय वर घेतला. जरा वेळाने म्हणाली, “पाणी द्या. घसा सुकला.” मी पेला धरला तेव्हा तिच्या बोटांत ऊब आली होती.

७

डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या. थकवा म्हणाल्या. रंगाच्या वासाने झालं असेल, पेशंट घरात असताना असले उद्योग कशाला करता, म्हणून मला चांगलं झापलं. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. अजून काही आठवडे जपा, म्हणाल्या.

पेंटर राहिलेले डबे न्यायला आला. पुढच्या खोलीतला डाग बघून म्हणाला, “हा पण काढू का? एका हातात जाईल.” मी त्याला दंड धरून जिन्यापर्यंत पोचवलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही, आणि ब्रश इथेच विसरला.

दुपारी मी त्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसतो. मला एक काम येतं. मुलाखतीला बसलेला माणूस घड्याळाकडे बघायला लागला की त्याला अडकवून ठेवायचं. अवघड प्रश्न लगेच विचारायचा नाही. आधी त्याच्या कामाबद्दल विचारायचं, दमायला होत असेल नाही, म्हणायचं. मग आपली एखादी गोष्ट सांगायची, अर्धी, म्हणजे पुढचं ऐकायला तो थांबतो. मी त्याला पूर सांगितले, संप सांगितले, जळालेली गोदामं सांगितली, न छापलेल्या बातम्या सांगितल्या. उत्तर येत नाही. पण ते उठत नाही, आणि बायको पलीकडे शांत झोपते.

मेहुणी पहिल्यांदा दारातच थबकली. “भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“हळू बोल.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग वर भिंतीकडे. आत गेली आणि चहा घेऊन आली. एक कप तिने माझ्या स्टुलाशी ठेवला, एक खुर्चीच्या पायाशी. पदराने हात पुसत म्हणाली, “साखर किती घेतात कोण जाणे.” मग सोफ्यावर ताईच्या पायाशी जाऊन बसली आणि पाय घट्ट धरून ठेवले.

रोज सकाळी मी तो डाग बघतो. पूर्वी मी तो दिसू नये म्हणून बघायचो. आता तो ताजा आहे ना, ओलसर आहे ना, हे बघतो. ताजा असला की गॅस पेटवतो, लापशी टाकतो, दिवस सुरू करतो. काही आठवडे तर काढायचे आहेत.

पण कालपासून डाग सुकत चालला आहे. कडा फिकट झाल्या आहेत, वास मात्र तसाच, उलट माझ्या चेहऱ्याच्या जवळ. खुर्ची कुरकुरते, म्हणजे ते तिथेच आहे. फक्त मागे टेकलेलं नाही. पुढे झुकून बसलं आहे.

माणूस खुर्चीत पुढे झुकतो, तो एक तर ऐकण्यात रमलेला असतो, नाहीतर उठायच्या बेतात.

बायकोने झोपेत कूस बदलली. मी स्टूल आणखी पुढे सरकवलं आणि पुढचा प्रश्न विचारला.